पंचावन्न क्रमांकाची यादी

सोमवार, १२ जून २००६. हजर: मी, मालक, संगणकावरच्या दोन मुली, निवृत्त पोस्टमन काका. गैरहजर कोणी नाही. वीज साडेनऊला गेली, साडेअकराला आली. भेटायला आलेल्या दोघी: आई आणि मुलगी.

डायरीतली नोंद एवढीच आहे. अशी नोंद मी रोज करते. तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आता पन्नाशी ओलांडली आहे, सवय तीच आहे. त्या दिवसाच्या पानावर मात्र खाली वेगळ्या शाईने नऊ नावं लिहिलेली आहेत. आठ नावांपुढे खूण आहे.

आमचं कार्यालय गोंदियात स्टेशनच्या रस्त्यावर, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. मालकांच्या घरी राईस मिल होती, पण यांना धानात रस नव्हता. आधी टायपिंगचे क्लास चालवले, मग संगणक आणले. आमचं काम दुसऱ्यांच्या याद्यांचं. कोणी अर्जांचा गठ्ठा पाठवायचा, आम्ही नावं आणि पत्ते संगणकात भरायचो, तपासायचो, पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापायचो आणि पाकिटं डाकेत टाकायचो. मुली भरायच्या, मी तपासायची.

२००४ मध्ये मालकांनी पत्ते तपासायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात पिनकोड, गावं, शहरातले वॉर्ड आणि रस्ते यांची मोठी सूची होती. आपण भरलेला पत्ता ते त्या सूचीशी लावून पाहायचं आणि ओळीच्या शेवटी दोन आकडी संकेत द्यायचं. सोबत इंग्रजीतली जाड पुस्तिका आली. मुलींना ती वाचायचा कंटाळा, म्हणून एका रविवारी मी घरी बसून ती वाचली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत तक्ता केला. एका संकेताला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत पुढे काय करायचं तेही. तो तक्ता असा होता:

११ – पत्ता पूर्ण जुळला. छापणे.
२१ – गाव जुळलं, घर नाही. छापणे.
२२ – गाव आणि पिन यांचा मेळ नाही. काकांना विचारणे.
३१ – त्या नावाच्या एकाहून जास्त जागा. काकांना विचारणे.
४० – काहीच जुळलं नाही. काकांना विचारणे.
५५ – दुबार. काढणे.

तक्ता खिडकीशेजारी लावला. मालक पाहुण्यांना तो दाखवायचे. "मॅडम ने पूरी किताब एक पन्ने में उतार दी," म्हणायचे.

काकांना आम्ही रोज दुपारपर्यंत ठेवलं होतं ते २२, ३१ आणि ४० साठी. पस्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यात डाक वाटली होती. ४० चा पत्ता त्यांच्यापुढे ठेवला की ते हसायचे. "तलावाच्या पारीवर, मोहाच्या झाडापासी" असं कोणी लिहिलेलं असायचं. संगणकाला त्यातलं काहीच कळायचं नाही. काका म्हणायचे, "ताई, तुमच्या मशीनले गाव दाखवून आना एकदा. बसनं न्या, खिडकीपासी बसवा." मग ते पिन सांगायचे, शाखा डाकघर सांगायचे, आणि पत्र पोचायचं. वाईट संकेताचे पत्ते माणसाकडे जायचे, चांगल्या संकेताचे सरळ छापायला. ही विभागणी माझी होती. ती मला फार सोयीची वाटायची.

त्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका खासगी नर्सिंग शिक्षणसंस्थेचं काम आलं होतं. अर्ज केलेल्या मुलींना मुलाखतीचं बोलावणं पाठवायचं. मुलाखती १४ आणि १५ जूनला, म्हणजे बुधवारी आणि गुरुवारी. पत्रावर क्रमांक, क्रमांकाप्रमाणे वेळ. पत्र नसेल तर फाटकातून आत सोडायचं नाही, असं पत्रातच छापलेलं होतं. आदल्या वर्षी त्यांची तक्रार आली होती की काही मुली खबरदारी म्हणून दोन-दोन अर्ज टाकतात, तुम्ही दोन-दोन पत्रं पाठवता आणि एकीचे दोन क्रमांक होतात. तेव्हा ५५ चे काही घाईत छापले गेले होते, म्हणून या वर्षी ५५ चे सगळे मी नीट पाहून काढले होते. नीट पाहून म्हणजे संकेत नीट पाहून. अडतीस नावं. त्यांची यादी छापून, तारीख टाकून फाइलला लावली होती. काढलेल्या गोष्टींचीही यादी ठेवावी, हा माझा नियम.

सोमवारी वीज नव्हती. मुली हाताने पाकिटं चिकटवत होत्या. अकराच्या सुमारास जिना चढून एक बाई आली, मागे सतरा-अठरा वर्षांची मुलगी. बाईच्या हातात आमचंच एक पाकीट होतं, कोपऱ्यात आमच्या कार्यालयाचा शिक्का असलेलं.

"जय भीम. हे पाकीटं इथंच बनतेत का?"

मी हो म्हटलं आणि बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"हे माह्या जेठाच्या पोरीले आलं. नर्सच्या कॉलेजचं. हिले काऊन नाही आलं? दोघीयनं एकाच दिवशी, एकाच पेनानं फारम भरले."

"पेन दोन होते, आई," मुलगी म्हणाली.

"तू चूप राय. परवा इंटरव्हू आहे आन पेन मोजून राहिली."

पाकिटं चिकटवणाऱ्या मुलींपैकी एक म्हणाली, "डाकवाल्याने दिलं नसेल."

काकांनी बाईची वस्ती ओळखली होती. कोपऱ्यातून ते लगेच बोलले. "डाकवाल्याले काऊन बोलून राहिली, बाई? त्यानं ठेकेदाराच्या ओसरीत एक चिठ्ठी टाकली, आन दुसरी का चाऊन खाल्ली?"

मी विचारलं, ठेकेदाराची ओसरी कुठून आली?

पाकिटावर पाहिलं तर पत्ता विडीच्या ठेकेदाराच्या घराचा होता. काकांनी सांगितलं आणि बाईने मधूनमधून दुरुस्त केलं. रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांची वस्ती. घरांना नंबर नाहीत, आहेत ते तीनदा बदललेले. वस्तीतल्या बाया घरी विड्या वळतात आणि रोज संध्याकाळी ठेकेदाराच्या ओसरीत नेऊन देतात. ठेकेदाराचं घर पक्कं, दारावर पाटी, नगरपालिकेचा नंबर. म्हणून पोस्टमन सगळ्या वस्तीची डाक तिथेच एका लाकडी खोक्यात टाकतो, आणि विड्या द्यायला गेलेली बाई येताना आपली आणि शेजारणीची चिठ्ठी घेऊन येते. रेशनकार्ड असो की शाळेचा दाखला, वस्तीतलं कोणीही पत्ता लिहितं तो ठेकेदाराचा.

"सगळी वस्ती त्याच नंबरात राह्यते," काका म्हणाले. "कागदावर."

संगणक बंद होता, त्यामुळे मी कपाटातून फाइल काढली. अडतीसच्या यादीत मुलीचं नाव सतरावं होतं. संकेत ५५.

मूळ अर्जांचे गठ्ठे मागच्या खोलीत भिंतीला लावलेले होते, तालुक्याप्रमाणे बांधलेले. मुलाखती झाल्यावर ते परत पाठवायचे होते. गोंदिया तालुक्याचा गठ्ठा सोडून मी दोन अर्ज बाहेर काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आडनाव एकच. त्यांच्या घरात मुलींची नावं एका अक्षरावरून ठेवायची पद्धत होती. या दोघींच्या नावांची सुरुवात इतकी सारखी होती की फरक शेवटच्या अक्षरांत होता. पत्ता एकच. जन्मतारखा वेगळ्या, अकरा महिन्यांचं अंतर. बारावीचे गुण वेगळे, हिचे जास्त. आणि वर उजव्या कोपऱ्यात दोन फोटो.

"हे माही. हे जेठाची," बाई बोट ठेवत म्हणाली. "नाकं तं पहा."

मी नाकं पाहिली.

"मंग नाव काऊन काढलं?"

"संगणकाला दोघी एकच वाटल्या."

"आन तुमाले?"

मी अर्ज उघडलेलेच नव्हते. ते भिंतीला, माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर होते.

मी बाईला पुन्हा बसायला सांगितलं. या वेळी ती बसली. मी पुस्तिका काढली आणि ५५ चं पान शोधलं. दोन वर्षांनी उघडत होते. तिथे लिहिलं होतं की आडनाव तेच, नावाची पहिली अक्षरं तीच आणि पत्ता तोच असेल, तर या नोंदी एकाच व्यक्तीच्या असण्याची शक्यता आहे; मूळ कागद पाहिल्याशिवाय नोंद काढू नये. माझ्या तक्त्यात दोन शब्द होते. एका ओळीत बसत नव्हतं म्हणून शक्यता गेली आणि मूळ कागदही गेले. सॉफ्टवेअरने स्वतःला किती कळलं ते बरोबर सांगितलं होतं.

११ चंही तसंच. पूर्ण जुळला म्हणजे तशी जागा आहे, एवढंच. तिथे कोण राहतं, हे त्या आकड्यात नव्हतं. अर्जदारांच्या यादीत ठेकेदाराच्या घरावर ११ हा सर्वोत्तम संकेत चौदा वेळा आला होता आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. काकांकडे तो पत्ता कधी गेलाच नाही. गेला असता तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

साडेअकराला वीज आली. मी नागपूरला फोन लावला. तिथल्या कारकुनाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडे तुम्ही पाठवलेली यादी आहे. तिच्यात नाव नसेल तर फाटकावर अडवतील. तुमच्या कार्यालयाचं लेखी पत्र द्या, सही-शिक्क्यासह. उद्या बारापर्यंत फॅक्स आला तर शेवटी बसवू. बुधवारी द्याल तर नाही."

"एकच नाव की आणखी असतील तर तीही?"

"आणखी आहेत?" तो म्हणाला.

मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं.

दुपारभर आम्ही अडतीस नावांचे अर्ज काढले. मी, दोन्ही मुली, आणि ती बाईही. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो जुळवण्यात ती आमच्यापेक्षा चपळ होती. दोन अर्ज समोर ठेवले की ती बोट हलवून सांगायची, "एकच," किंवा "दोन." एकदा आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "मावशी, या दोघी सारख्याच दिसतात." बाई म्हणाली, "सारख्या दिसतेत म्हने. एकीच्या कानात बारी आहे, दुसरीच्या कानाले भोक नाही. तुमी मशीनसंगं राहून राहून तशाच होऊन राहिल्या." रोज विड्यांच्या गड्ड्यांतून कच्ची विडी हुडकणाऱ्या हातांना हे काम नवं नव्हतं.

एकोणतीस खरोखर दुबार निघाल्या. नऊ नाही. नऊंपैकी पाच ठेकेदाराच्या ओसरीवरच्या. दोन देवरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाच्या पत्त्यावरच्या, जिथे एकाच आडनावाच्या मुली रांगेने झोपतात. दोन चोरखमारा गावाच्या बाजूच्या, दोघींचा पत्ता एकाच किराणा दुकानाचा. ती नऊ नावं मी डायरीत सकाळच्या नोंदीखाली लिहिली. पेन मुलीचं होतं, म्हणून शाई वेगळी.

मग पत्राचा प्रश्न आला. मालक तोवर सगळं ऐकत होते.

"मॅडम, लिखो कि तकनीकी कारण से."

"कारण तांत्रिक नाही."

"अरे, सॉफ्टवेअर ने ही तो बोला ना दुबार? उसी की गलती लिखो. अपनी गलती अपने हाथ से लिखके देंगे तो अगले साल काम कौन देगा?"

"सॉफ्टवेअरने तपासा असं सांगितलं होतं. मी तपासलं नाही."

"ये उनको कौन बताएगा?"

"तुम्ही सही करणार ना, मग तुम्हीच."

काका त्या दिवशी दुपारी घरी गेलेच नव्हते, ते खिडकीकडे तोंड करून हसत होते. बाई मालकांना म्हणाली, "सेठ, गलती कोनाची बी लिवा, माह्या पोरीचं नाव बरोबर लिवा. ते नको हुकू."

मालकांनी डोकं हलवलं. मी लिहिलं, "यादी तपासताना आमच्याकडून पुढील नऊ अर्जदारांची नावे चुकीने वगळली गेली." त्यांनी दोनदा वाचलं, नऊ नावं मोजली, सही केली, शिक्का मारला. मंगळवारी सकाळी दुकानं उघडताच मी एसटीडी बूथवरून फॅक्स केला आणि पोचल्याची पावती फाइलला लावली. एक प्रत बाईच्या मुलीला दिली. तिने ती वहीत ठेवली, वही पिशवीत ठेवली, आणि पिशवीवर हात ठेवून बसली.

बाकीच्या आठजणींना कळवायचं काम मंगळवारी एका दिवसात उरकायचं होतं. आठांपैकी चार ओसरीवरच्या. त्या बाईच्या जिम्म्यात. तिने संध्याकाळी विड्या द्यायच्या वेळी ओसरीत सगळ्यांसमोर नावं घेतली. तीन घरांत निरोप पोचला. चौथीच्या घराला कुलूप होतं. घरचे सगळे छत्तीसगडात मामाकडे कामाला गेलेले, कुठल्या गावी ते शेजारणीला सांगता आलं नाही. चोरखमाऱ्याकडे काका स्वतः बसने गेले. किराणा दुकानदाराने एका मुलीच्या घरी लगेच माणूस धाडला. दुसरीचं मे महिन्यात लग्न झालं होतं. तिच्या आईने काकांना चहा दिला आणि म्हणाली, आता कशाची मुलाखत. देवरीच्या वसतिगृहाला उन्हाळ्याची सुट्टी होती. फोन वाजत राहिला. त्या दोन मुलींची गावं अर्जात नव्हती, शाळेचाच पत्ता होता, आणि तो पूर्ण जुळलेला होता.

बुधवारी आणि गुरुवारी नागपूरला आमच्या नऊंपैकी पाचजणी गेल्या. मी शुक्रवारी फोन केला. पाचहीजणींना आत घेतल्याचं कारकुनाने सांगितलं. शेवटी बसवलं होतं, पण बसवलं.

जुलैत ती बाई पुन्हा जिना चढून आली. मुलीची निवड झाली होती. जेठाच्या मुलीची झाली नव्हती. तिने ते दोन्ही एकाच सुरात सांगितलं, मग तक्त्याकडे पाहून विचारलं, "हे काय लिवलं आहे?"

मी वाचून दाखवलं. ५५ ची ओळ मी तोवर बदलली होती. आता ती दोन ओळींची होती आणि तक्त्यावर वाकडी दिसायची.

"पाह्यजे होतं सुरुवातीलेच," ती म्हणाली. "दोघी एकच आहेत म्हने. आता एक नागपूरले आहे, एक घरी आहे. विचारा तुमच्या मशीनले, आता काय नंबर लावते त."

पुढच्या वर्षी त्या संस्थेचं काम आलं नाही. कारण त्यांनी कळवलं नाही, मालकांनी विचारलं नाही आणि मला कधी बोलले नाहीत.

लग्न झालेल्या मुलीच्या नावापुढेही मी खूण केली, कारण निरोप पोचला होता. उरल्या तीन. त्यांची मुलाखत होऊन गेली होती, त्यामुळे आता कळवायचं ते एवढंच: तुमचा अर्ज नाकारला गेला नव्हता, तो वाचलाच गेला नव्हता, आणि चूक इकडे झाली. पत्र आलं नाही म्हणजे आपण निकषात बसत नाही असं मुली समजतात आणि पुन्हा अर्ज करत नाहीत. हे मला त्या बाईच्या मुलीने सांगितलं. तीही तसंच समजली होती. चुलत बहिणीपेक्षा गुण जास्त असूनही पत्र आलं नाही, म्हणून तिने पुस्तकं बांधून ठेवली होती. आईने ओढत आणली होती.

देवरीच्या दोघींना मी शाळा उघडल्यावर पत्रं लिहिली. त्या शाळा सोडून गेल्या होत्या, पण तिथल्या अधीक्षक बाईंनी गावं कळवली. एकीचं उत्तर त्याच दिवाळीत आलं. दुसरीला पत्र दोनदा परत आलं. शेवटी २००९ मध्ये काकांचा एक ओळखीचा पोस्टमन तिच्या गावाच्या बीटवर डाक वाटायला आला आणि त्याने हातात दिलं. ती तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होती. पुन्हा अर्ज केला की नाही ते कळलं नाही. पण माझी खूण निरोपाची आहे, ती मी केली.

राहिली ती छत्तीसगडात गेलेली. ते कुटुंब वस्तीत परतलं नाही. मी एक पत्र ओसरीच्या पत्त्यावर टाकून पाहिलं. ते परत आलं नाही, उत्तरही आलं नाही. त्या बाईने दोन-तीन वर्षं चौकशी ठेवली. पुढे ठेकेदाराने धंदा बंद केला, घर विकलं, ओसरी पाडून तिथे शटरची दोन दुकानं झाली. लाकडी खोकं कोणी नेलं ते ठाऊक नाही. काका २०११ मध्ये गेले. २०१३ मध्ये आमचं कार्यालय बंद झालं, तेव्हा संगणक विकायच्या आधी मी शेवटचा म्हणून तोच पत्ता घालून पाहिला. ११ आला. पत्ता पूर्ण जुळला.

दर जानेवारीला नवी डायरी घेतली की जुनीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवून घेते. बहुतेक कामं वर्षभरात संपतात. यंदाच्या पहिल्या पानावर सहा होती. गॅसच्या जोडणीचं झालं, विम्याचं झालं, भावाच्या घरची कागदपत्रं झाली, दातांचं झालं, आणि पंखा कालच बसवला. सहावी ओळ त्या मुलीच्या नावाची आहे. नावापुढे लिहिलं आहे: "निरोप देणे." त्यापुढची जागा मोकळी आहे.